ब्रुनेलोचा हट्ट : एक डोंगर, एक द्राक्ष

इटलीच्या तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर मोंतालचिनो नावाचे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. वस्ती जेमतेम पाच-सहा हजारांची. या गावच्या वाइन उत्पादकांनी २७ ऑक्टोबर २००८ रोजी एक मतदान घेतले. प्रश्न साधा होता. गावाच्या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या 'ब्रुनेलो दी मोंतालचिनो' या तांबड्या वाइनमध्ये आजवरप्रमाणे एकाच वाणाच्या द्राक्षांचा रस असावा, की दुसऱ्या वाणाचा थोडाफार रस मिसळण्याची मुभा द्यावी? मुभा दिली असती तर अनेकांचा धंदा सोपा झाला असता. काहींच्या मानेवरची कायद्याची तलवारही कदाचित दूर झाली असती. तरीही ९६ टक्के मते जुन्या नियमाच्या बाजूने पडली. ब्रुनेलो म्हणजे शंभर टक्के सांजोवेझे, हा नियम कायम राहिला.

या निकालाला आता बरीच वर्षे लोटली. परंतु त्या दिवशी मिटला असे वाटलेला प्रश्न प्रत्यक्षात मिटलेला नाही. तो वेगवेगळ्या वेषांत मोंतालचिनोच्या दारात पुन्हा पुन्हा उभा राहतो. कधी तापलेल्या उन्हाळ्याच्या रूपाने, कधी अमेरिकेच्या आयातशुल्काच्या रूपाने, तर कधी जगभर घटत चाललेल्या वाइनच्या खपाच्या रूपाने. बाजार बदलला, हवामान बदलले, ग्राहकाची चव बदलली. मग नियमाने तेवढे जागच्या जागी उभे राहायचे का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर ही वाइन मुळात आली कोठून आणि तिचा स्वभाव काय, येथून सुरुवात करावी लागते.

डोंगराची देणगी

मोंतालचिनो समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसले आहे. ओम्ब्रोने, ओर्चा आणि आस्सो या तीन नद्यांनी वेढलेला हा डोंगर. दक्षिणेकडे १,७३८ मीटर उंचीचा मोंते आमियाता हा जुना, निद्रिस्त ज्वालामुखी पाठराखणीला उभा आहे. त्या बाजूने येणारी वादळे आणि गारपीट तो बऱ्याच अंशी अडवतो. समुद्र फार दूर नसल्याने वारा वाहता राहतो आणि घडांवर ओल साचत नाही. तोस्कानाच्या इतर भागांच्या तुलनेत येथे पाऊस कमी, ऊन अधिक. द्राक्षे पक्व होण्यास जे हवे ते येथे मिळते आणि जे नको ते बहुधा टळते.

गंमत अशी की, वाइनसाठी जगप्रसिद्ध असलेल्या या परिसराचा निम्मा भाग आजही जंगलाखाली आहे. उरलेल्या जमिनीत ऑलिव्हच्या बागा, गव्हाची शेते आणि चराऊ कुरणे आहेत. द्राक्षबागांचे क्षेत्र सुमारे साडेतीन हजार हेक्टर असून त्यातील २,१०० हेक्टरच्या आसपास क्षेत्र ब्रुनेलोसाठी नोंदलेले आहे. बागा नदीकाठच्या सखल जमिनीपासून डोंगराच्या वरच्या अंगापर्यंत पसरल्या आहेत. उत्तरेकडील उतार थंड, तेथील वाइन सुगंधी आणि सडपातळ. दक्षिणेकडे सांत-आंजेलोच्या बाजूला ऊन कडक, तेथील वाइन भरदार आणि उग्र. कोठे भुसभुशीत चिकणखडक, कोठे चुनखडी, तर कोठे ज्वालामुखीच्या परिसरातून आलेली माती. एकाच नावाच्या दोन बाटल्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या का लागतात, याचे उत्तर या उतारांत आहे.

द्राक्ष मात्र एकच. सांजोवेझे हा इटलीत सर्वाधिक लागवड असलेला तांबडा वाण. कियांती या परिचित वाइनचाही तोच आधार. तेथे मात्र इतर वाण मिसळण्याची परंपरा आहे. सांजोवेझे हे नाव 'ज्युपिटरचे रक्त' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आल्याची आख्यायिका सांगितली जाते. वाण म्हणून ते लहरी आहे. लवकर फुटते, उशिरा पिकते. साल पातळ असल्याने काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की घड कुजतात. माती, उंची आणि छाटणी यांतील छोटासा फरकही ते रसात उतरवते. मोंतालचिनोत या द्राक्षाला 'ब्रुनेलो' म्हणत, म्हणजे साधारणपणे 'तपकिरी छटेचे छोटे'. ते वेगळेच वाण आहे असा स्थानिकांचा समज होता. सिएना प्रांताच्या द्राक्षवाण आयोगाने १८७९ मध्ये ब्रुनेलो आणि सांजोवेझे एकच असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर द्राक्षाचे नाव मागे पडले आणि ते वाइनला चिकटले.

पेल्यातील ब्रुनेलो पाहताना प्रथम दृष्टीस पडतो तो तिचा रंग. गडद जांभळ्या, शाईसारख्या वाइनची सवय असलेल्याला ती फिकीच वाटेल. माणकासारखा लाल रंग वर्षे सरतात तसा विटकरीकडे झुकत जातो. वासात आंबटगोड चेरी, सुकवलेल्या वनस्पती, चहाची पत्ती, ओली माती, कातडे. चवीला आंबटपणा ठसठशीत आणि तुरटपणा हिरड्यांना जाणवेल असा. गोडवा शोधणाऱ्याची येथे निराशा होते. तरुणपणी ही वाइन बरीचशी अबोल असते. तिला वेळ द्यावा लागतो. लोणचे मुरावे तशी ती मुरते आणि मग तिचा आंबटपणा व तुरटपणा एकमेकांच्या हाताला हात लावतात. उत्तम वर्षाची ब्रुनेलो तीस-चाळीस वर्षे सहज टिकते. हा टिकाऊपणा तिच्या आंबटपणामुळे आणि तुरटपणामुळेच येतो, आणि नेमक्या याच दोन गोष्टी नवख्या ग्राहकाला तिच्यापासून दूर ठेवतात. ब्रुनेलोच्या अर्थकारणातील पेच येथेच सुरू होतो.

औषधविक्रेत्याचा वारसा

ब्रुनेलोचा इतिहास प्राचीन असल्याचा भास होतो, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोंतालचिनो ओळखले जाई ते मोस्कादेल्लो या गोड पांढऱ्या वाइनसाठी. तांबड्या वाइनचा ध्यास घेतला तो क्लेमेंते सांती या विद्वान औषधविक्रेत्याने. १८६५ च्या हंगामातील त्यांच्या निवडक तांबड्या वाइनला १८६९ मध्ये कृषी प्रदर्शनात पदक मिळाले, आणि तिचा उल्लेख 'ब्रुनेलो' असा झाला.

हा वारसा पुढे नेला तो त्यांच्या कन्येचा मुलगा फेरुच्चो बिओंदी-सांती याने. हा तरुण १८६६ मध्ये गारिबाल्दीच्या स्वयंसेवकांत सामील होऊन लढून आलेला. परतल्यावर त्याने आजोबांच्या ग्रेप्पो या मळ्याची सूत्रे हाती घेतली. तेव्हा युरोपातील बागा फायलोक्सेरा या मुळे कुरतडणाऱ्या किडीने आणि भुरी रोगाने पोखरल्या होत्या. पैसा लवकर हाती यावा म्हणून बहुतेक शेतकरी हलकी, ताजी, लगेच विकता येईल अशी वाइन काढत. त्या काळात फेरुच्चोने नेमका उलटा मार्ग धरला. मळ्यातील उत्तम वेली निवडून त्यांचीच कलमे केली, इतर वाण बाजूला सारले आणि केवळ सांजोवेझेची वाइन मोठ्या ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरत ठेवली. १८८८ च्या हंगामाच्या काही बाटल्या त्या घराण्याने शंभर वर्षांहून अधिक काळ जपून ठेवल्या.

१८८८ ते १९४५ या सत्तावन्न वर्षांत या घराण्याने खास राखीव वाइन म्हणून जाहीर केलेले हंगाम केवळ चार होते : १८८८, १८९१, १९२५ आणि १९४५. बाकीची वर्षे त्या तोडीची नाहीत, असे त्यांनी स्वतःच ठरवले. फेरुच्चोचा मुलगा तांक्रेदी याने दुसऱ्या महायुद्धात आघाडी जवळ येताच जुन्या बाटल्या भिंतीआड चिणून ठेवल्या, अशी हकिगत आजही सांगितली जाते. १९६९ मध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी लंडनच्या दूतावासात राणी एलिझाबेथ यांच्यासाठी दिलेल्या मेजवानीत १९५५ ची राखीव ब्रुनेलो ठेवली गेली, तेव्हा या वाइनचे नाव इटलीबाहेर गाजले. अमेरिकेच्या 'वाइन स्पेक्टेटर' नियतकालिकाने १९९९ मध्ये शतकातील बारा वाइन निवडल्या, त्यांतही ही १९५५ ची बाटली होती.

मात्र एका घराण्याची कीर्ती म्हणजे गावाची समृद्धी नव्हे. महायुद्धानंतरचे मोंतालचिनो हे दरिद्री गाव होते. अर्धेलीने कसणाऱ्या कुटुंबांची पिढ्यानपिढ्यांची व्यवस्था मोडली, तरुण शहरांकडे निघून गेले. १९६४ मध्ये मिलान-नेपल्स महामार्ग पूर्ण झाला आणि डोंगराच्या पायथ्याजवळून जाणाऱ्या जुन्या रोम रस्त्याची वर्दळ आटली. १९६६ मध्ये ब्रुनेलोला उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले आणि १९६७ मध्ये उत्पादकांचा संघ स्थापन झाला, तेव्हा ब्रुनेलोच्या बागा शंभर हेक्टरांच्या आतच होत्या. आज जेथे एका हेक्टरसाठी लाखो युरो मोजावे लागतात, ती जमीन तेव्हा कोणी विचारत नव्हते.

पैसा आला, मोहही आला

चित्र पालटले ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. लाम्ब्रुस्को ही स्वस्त, गोडसर वाइन अमेरिकेत प्रचंड प्रमाणात विकून श्रीमंत झालेल्या मारियानी बंधूंनी १९७८ मध्ये मोंतालचिनोत विस्तीर्ण जमिनी घेतल्या आणि बान्फी कंपनीचा पसारा उभा राहिला. त्यांचा मूळ बेत गोड पांढऱ्या मोस्कादेल्लोला अमेरिकेत खपवण्याचा होता. तो फसला आणि कंपनी ब्रुनेलोकडे वळली. १९८० मध्ये इटलीतील सर्वोच्च दर्जाचे, हमीसह उगमस्थान मानांकन पहिल्यांदा ज्या मोजक्या वाइनना मिळाले, त्यांत ब्रुनेलो होती. मग गुंतवणूक, निर्यात, पर्यटन यांचा ओघ सुरू झाला. पुढे वार्षिक उत्पादन नव्वद लाख बाटल्यांच्या आसपास पोहोचले. त्यातील बहुतांश माल देशाबाहेर जातो आणि अमेरिका हा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक आहे.

या मानांकनाच्या अटी कडक आहेत. द्राक्षे फक्त मोंतालचिनोच्या हद्दीतील, वाण फक्त सांजोवेझे. हेक्टरी उत्पादन जास्तीत जास्त आठ टन. ओकच्या पिंपात किमान दोन वर्षे, बाटलीत किमान चार महिने. काढणीच्या वर्षानंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीपूर्वी बाटली बाजारात आणता येत नाही. राखीव वाइनसाठी आणखी एक वर्ष. याचा व्यावहारिक अर्थ असा की, उत्पादकाला आजच्या खर्चाचा परतावा चार-पाच वर्षांनी मिळतो. तोवर भांडवल तळघरात पडून. ज्याच्याकडे ते नाही त्याच्या सोयीसाठी ऐंशीच्या दशकात 'रोस्सो दी मोंतालचिनो' ही लवकर विकता येणारी धाकटी वाइन मान्य झाली.

पिंपातील मुक्कामाची अट मुळात चार वर्षांची होती. ती टप्प्याटप्प्याने दोनवर आली. म्हणजे नियम कधीच बदलले नाहीत, असे नाही. बदलला नाही तो एकच नियम, वाणाचा. आणि नेमका त्याच्यावरच नव्वदच्या दशकात ताण आला. तेव्हा जगाच्या बाजारात गडद, मऊ, फळांच्या चवीने ओथंबलेल्या, नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास असलेल्या वाइनची चलती होती. अशा वाइनना समीक्षक भरघोस गुण देत आणि गुणांवर किंमत ठरे. सांजोवेझेचा फिका रंग आणि तुरट स्वभाव या परीक्षेत मागे पडे. त्याच डोंगरावर मेर्लो आणि काबर्ने सोव्हिन्यों हे फ्रेंच वाण इतर वाइनसाठी कायदेशीरपणे लावलेले होतेच. त्यातील थोडा रस ब्रुनेलोच्या पिंपात गेला तर रंग गडद होतो, चव मऊ होते आणि कोणाला कळतही नाही, असा हिशेब काहींनी केल्याची कुजबुज गावात वर्षानुवर्षे होती.

२००८ च्या वसंतात ही कुजबुज सिएनाच्या सरकारी वकिलांच्या तपासापर्यंत पोहोचली. काही नामांकित उत्पादकांची लक्षावधी लिटर वाइन तपासासाठी अडकवून ठेवण्यात आली. इटलीतील वृत्तपत्रांनी प्रकरणाला 'ब्रुनेलोपोली' असे नाव दिले. जूनपासून अमेरिकेने प्रत्येक खेपेसोबत शुद्धतेचा दाखला मागितला. नुकत्याच बाजारात आलेल्या २००३ च्या हंगामावर संशयाचे सावट पडले. पुढे काही उत्पादक निर्दोष ठरले. काहींनी आपली वाइन ब्रुनेलो या नावाऐवजी खालच्या दर्जाच्या नावाने विकण्याचे मान्य केले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या भेसळीत आरोग्याला अपाय करणारे काही नव्हते. मेर्लो हे चांगले द्राक्षच आहे. गुन्हा होता तो नावाशी केलेल्या प्रतारणेचा. बाटलीवर जे लिहिले ते आत नसणे, एवढाच. पण ज्या मालाची सारी किंमत नावात असते, तेथे याहून मोठा गुन्हा नाही.

तपासात रसायनशास्त्र कामी आले. द्राक्षाच्या सालीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये असतात. त्यांतील एक विशिष्ट गट काबर्ने आणि मेर्लोत ठळकपणे आढळतो, सांजोवेझेत मात्र जवळजवळ नसतो. त्यामुळे कोवळ्या वाइनमध्ये परका रस ओळखता येतो. वाइन जसजशी मुरते तसतशी ही रंगद्रव्ये एकमेकांत गुंतत जातात आणि पुरावा पुसट होतो. सारी भिस्त प्रयोगशाळेवर टाकता येत नाही. शेवटी प्रश्न उत्पादकाच्या सचोटीचाच उरतो.

मतदानापूर्वी झालेल्या चर्चेत मिश्रणाच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. डोंगराच्या प्रत्येक उतारावर सांजोवेझे उत्तम पिकतेच असे नाही, विस्तार करताना काही बागा चुकीच्या जागी लागल्या, मग थोड्या मिश्रणाने वाइन सुधारत असेल तर अडवायचे का, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांचे उत्तर सरळ होते. काबर्ने जगात कोठेही पिकते. मोंतालचिनोच्या सांजोवेझेसारखे मात्र केवळ मोंतालचिनोतच पिकते. ते सोडले तर ग्राहकाने येथपर्यंत यायचे कशाला? मतपेटीत दुसरे म्हणणे जिंकले. २०११ च्या सप्टेंबरमध्ये धाकट्या रोस्सोपुरती तरी सूट द्यावी, हा प्रस्ताव पुढे आला. तोही ६९ टक्के मतांनी फेटाळला गेला.

पिंपांच्या उघडलेल्या तोट्या

शुद्धतेच्या या आग्रहाला एक काळी किनारही आहे. जुन्या पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते आणि परखड बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेले जानफ्रांको सोल्देरा यांच्या कासे बास्से मळ्यात २ डिसेंबर २०१२ च्या रात्री कोणीतरी घुसले. काहीही चोरले नाही. फक्त पिंपांच्या तोट्या उघडल्या. २००७ ते २०१२ या सहा हंगामांची सुमारे ६२,६०० लिटर वाइन तळघराच्या गटारातून वाहून गेली. शुद्धतेच्या लढ्याचा हा सूड असावा, अशी चर्चा सुरुवातीला झाली. प्रत्यक्षात मळ्यावरील एका माजी कामगाराचे हे कृत्य असल्याचे निष्पन्न होऊन त्याला शिक्षा झाली. संघातील इतर उत्पादकांनी आपल्याकडची वाइन मदत म्हणून देऊ केली. सोल्देरा यांनी ती नाकारली. दुसऱ्याच्या पिंपातील वाइनवर आपले नाव घालणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक, अशी त्यांची भूमिका होती. कटुता वाढली आणि ते संघाबाहेर पडले. त्यानंतर त्यांच्या बाटल्यांवर ब्रुनेलो हे नाव राहिले नाही. त्या साध्या 'तोस्काना' या प्रादेशिक नावाने विकल्या जाऊ लागल्या, आणि तरीही डोंगरावरील सर्वांत महागड्या वाइनमध्ये त्यांची गणना होत राहिली. २०१९ मध्ये सोल्देरा यांचे निधन झाले.

या घटनेतून एक अवघड प्रश्न पुढे येतो. ज्या उत्पादकाचे स्वतःचे नाव मोठे, त्याला गावाच्या नावाची गरज उरत नाही. गावाचे सामायिक नाव खऱ्या अर्थाने लागते ते लहान उत्पादकाला. दहा-बारा हेक्टरची बाग असलेल्या कुटुंबाला न्यूयॉर्कच्या दुकानात कोण ओळखणार? त्याच्या बाटलीला दर मिळतो तो 'ब्रुनेलो' या शब्दामुळे. म्हणून त्या शब्दाची राखण ही श्रीमंतांची हौस नाही. ती लहानांची गरज आहे. २००८ च्या मतदानात ९६ टक्क्यांचा आकडा का गाठला गेला, याचे उत्तर बरेचसे येथे सापडते.

आता डाव हवामानाचा

आजचे आव्हान भेसळीचे नाही, तापमानाचे आहे. २००३ चा उन्हाळा ही धोक्याची पहिली मोठी घंटा होती. २०१७ मध्ये उष्णता आणि अवर्षण एकत्र आले. उलट २०१४ मध्ये पाऊस इतका झाला की बिओंदी-सांतीसह काही उत्पादकांनी त्या वर्षी ब्रुनेलो काढलीच नाही. २०२३ मध्ये अतिपावसाने आलेल्या केवडा रोगाने इटलीभर द्राक्षांचे उत्पादन घटवले. उन्हाने द्राक्षात साखर लवकर भरते, साल आणि बिया मात्र आपल्या गतीनेच पक्व होतात. साखर वाढली की अल्कोहोल वाढते. एके काळी साडेबारा-तेरा टक्क्यांवर असलेली वाइन आता सर्रास साडेचौदाच्या पुढे जाते. आंबटपणा उतरला तर टिकाऊपणा गेला, आणि टिकाऊपणा गेला तर ब्रुनेलोचे ब्रुनेलोपणच संपले.

उत्पादकांनी हातपाय गाळलेले नाहीत. पूर्वी घडांना ऊन मिळावे म्हणून पाने खुडत, आता सावलीसाठी राखतात. काढणी लवकर होते. नियमात केवळ संकटकाळी पाणी देण्याची तरतूद आहे. ज्या उत्तरेकडील आणि उंचावरील बागांत पूर्वी द्राक्षे कशीबशी पिकत, त्यांना आता मागणी आहे. डोंगराच्या निम्म्या भागावर टिकून असलेले जंगल गारवा राखते, हेही लोकांना उमगले आहे. म्हणजे वाण न बदलता जागा आणि पद्धत बदलण्यास अजून वाव आहे. तो किती काळ पुरेल, हा खरा प्रश्न. बोर्दोसारख्या पुराणमतवादी प्रदेशानेही हवामानाच्या दबावाखाली काही नवे वाण मर्यादित प्रमाणात मान्य केले आहेत. तेथे मिश्रणाची परंपरा असल्याने हे जमले. मोंतालचिनोकडे ती पळवाट नाही. ज्याने सारी पुंजी एकाच द्राक्षावर लावली, त्याची जोखीमही एकवट असते.

उतारांतील फरक बाटलीवर अधिकृतपणे लिहावा की नाही, हा वादही जुनाच आहे. बारोलो या दुसऱ्या नामांकित इटालियन तांबड्या वाइनने २०१० मध्ये आपल्या हद्दीतील १८१ भौगोलिक उल्लेखांना मान्यता दिली. कियांती क्लासिकोनेही २०२१ मध्ये अकरा उपक्षेत्रे ठरवली. मोंतालचिनोत मात्र अशी अधिकृत विभागणी नाही. कारण उघड आहे. एक उतार श्रेष्ठ ठरला की दुसऱ्याचा दर घसरतो. सामायिक नावाची एकजूट आणि जागेचा प्रामाणिक उल्लेख यांत येथे ओढाताण आहे.

त्यात बाजाराची चिंता. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील वाइनचा खप सुमारे २,१४० कोटी लिटरवर उतरला. १९६१ नंतरचा हा नीचांक. तरुण पिढी कमी पिते, आणि जी पिते ती हलके पेय शोधते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने युरोपीय मालावर १५ टक्के आयातशुल्क लागू केले, त्यातून वाइन सुटली नाही. ज्या गावाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक अमेरिका, त्याला हा फटका जाणवणारच. दुसऱ्या बाजूला, अमेरिकी बाजारातील कौतुकही आटलेले नाही. ज्या 'वाइन स्पेक्टेटर'ने २००६ मध्ये २००१ च्या एका ब्रुनेलोला वर्षातील सर्वोत्तम ठरवले होते, त्यानेच २०२३ मध्ये २०१८ च्या दुसऱ्या एका ब्रुनेलोला तो मान दिला. गडद आणि मऊ वाइनची लाट ओसरून फिक्या, तरतरीत, जागेची ओळख सांगणाऱ्या वाइनकडे जाणकारांचा कल वळला आहे. ज्या स्वभावाची नव्वदच्या दशकात लाज वाटत होती, तोच आता भांडवल ठरतो आहे. २००८ मध्ये नियम सैल केला असता तर हे भांडवल हाती राहिले नसते.

अकलूजच्या माळावरून

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा जवळचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात, मोहिते-पाटील घराण्यातील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून 'फ्रातेल्ली' हा प्रकल्प उभारला. या इटालियन शब्दाचा अर्थच 'भाऊ'. तोस्कानाचे पिएरो मासी तेथे वाइन घडवण्यासाठी आले आणि सांजोवेझेची लागवड झाली. या कंपनीच्या 'सेत्ते' या नामांकित वाइनमध्ये सांजोवेझेबरोबर काबर्ने सोव्हिन्यों मिसळलेली असते. जे मिश्रण मोंतालचिनोत नियमभंग ठरते तीच येथील वाइनची ओळख आहे. यात विसंगती काही नाही. अकलूजने कोणाला एकाच द्राक्षाचे वचन दिलेले नाही.

धडा घ्यायचा तो येथेच. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण मानांकनाचा कागद मिळणे ही सुरुवात असते. त्या नावाआड नेमके कोणते वचन आहे, कोणता वाण, कोणती माती, किती उत्पादन, किती मुरवण, आणि ते मोडणाऱ्याला कोण जाब विचारणार, हे ठरल्याशिवाय नावाला वजन येत नाही. जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. वाइनवरील १५० टक्के सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने खाली आणण्याचे त्यात ठरले आहे. वर्षानुवर्षे शुल्काच्या भिंतीआड वाढलेल्या येथील उद्योगाला युरोपातील बाटल्यांशी समोरासमोर उभे राहावे लागणार आहे. त्या वेळी स्वस्तपणा हे एकच शस्त्र पुरणार नाही. आपल्या मातीचे, केवळ येथेच मिळेल असे काही दाखवावे लागेल.

मोंतालचिनोने ते दाखवले, पण त्यासाठी मोजलेली किंमतही मोठी आहे. पाच वर्षे भांडवल अडकवणे, वाईट हंगामात हात आखडता घेणे, सोपा नफा दिसत असताना तो नाकारणे, आणि आपल्यातीलच चुकारांना उघड्यावर आणणे. उद्या उष्णता आणखी वाढली आणि सांजोवेझेलाच हा डोंगर सोसेनासा झाला, तर पुन्हा एकदा मतदान घ्यावे लागेल. तेव्हा प्रश्न बाजाराच्या मोहाचा नसेल, अस्तित्वाचा असेल आणि म्हणून उत्तरही अवघड असेल. तोवर मात्र एका औषधविक्रेत्याच्या नातवाने दीडशे वर्षांपूर्वी, सारे जण लवकर पैसा देणाऱ्या वाइनमागे धावत असताना धरलेला हट्ट या गावाला पोसतो आहे. गावाचे नाव मोठे झाले ते त्या नावाखाली काय विकायचे नाही, हे गावाने वेळीच ठरवले म्हणून.